सिस्टर आणि बदकाची कलेजी

सिस्टरना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळं शहर त्यांना सिस्टरच म्हणतं. तेहेतीस वर्षं त्यांनी रुग्णांच्या नाकातून पोटापर्यंत नळ्या घातल्या. नळी घशापाशी आली की माणूस कसा डोळे फिरवतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यांचा धाकटा दीर मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी. तिथली महागडी बदकाची कलेजी कशी तयार होते, हे एकदा त्याने सांगितलं. बदकाच्या घशात रोज नळी खुपसून मका कोंबायचा, आणि कलेजी सुजून टम्म झाली की बदक कापायचं.

"आम्ही नळी घालायचो ती माणूस जगवायला हो!" सिस्टर ताडकन म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ही कलेजी शहरात बंद करण्याच्या मागे हात धुऊन लागल्या.

नगरपालिका म्हणाली, पुरावा आणा. हॉटेलवाल्यांनी कानावर हात ठेवले. सिस्टरनी आरोग्य निरीक्षकाला घेऊन दोनदा अचानक तपासणी केली. दोन्ही वेळा फ्रीजमध्ये कोबी आणि लोणी! कोणीतरी आधीच खबर देत होतं. निरीक्षकाला तर कुठे जायचं ते हॉटेलच्या दारात कळायचं. म्हणजे उरला कोण? दीर.

एकदा संशय आल्यावर पुरावे काय, पैशाला पासरी. दीर वरच्या मजल्यावर बायको आणि दोन मुलींसह राहायचा. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. "वहिनी, आता कधी जाताय?" असं दोनदा विचारलं होतं. त्याला काय करायच्या होत्या चौकशा? मुलीला नवी सायकल आली, तीही सिस्टरच्या डोळ्यांत खुपली. आणि गंमत बघा, नगरपालिकेच्या सोमवारच्या सभेत ह्याच दिराची साक्ष होणार होती. आतला माणूस बोलल्याशिवाय ठराव होणं कठीणच होतं.

सिस्टरनी सापळा लावला. दिराला सांगितलं शुक्रवार, आणि मंगळवारीच हॉटेलात जाऊन धडकल्या. मॅनेजर हसत दारात उभा. फ्रीज इतका लख्ख की सिस्टरना ऑपरेशन थिएटर आठवलं.

दुसऱ्या कोणी इथे दिराला मोकळं सोडलं असतं. सिस्टरनी नाही सोडलं. त्याने जिन्यात उभं राहून आपलं बोलणं ऐकलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बुधवारी त्याला खाली बोलावलं.

"भाऊजी, सोमवारी तुम्ही बोलायचं नाही."

"का हो वहिनी? काय झालं?"

"तुमचं तुम्हाला माहीत."

तो वर निघून गेला. गुपचूप जातो म्हणजे चोरच, असं सिस्टरना वाटलं.

शनिवारी सकाळी सिस्टर मागच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे इंजेक्शन द्यायला गेल्या. एक दिवसाआड जायच्या. त्यांची एक जुनी पद्धत होती. सुई टोचताना आपण बोलत राहायचं, म्हणजे रुग्णाचं लक्ष गोष्टीत राहतं आणि सुई कधी आत गेली ते कळत नाही. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबाच म्हणाले,

"सिस्टर, तुमचा सापळा फसला म्हणे? जावई काय हसत होते काल!"

"कोण जावई?"

"माझेच की. इथेच तर असतात. पूर्वी आठ-आठ दिवस तोंड दाखवत नसत, हल्ली फार जीव लावतात. तुम्ही गेलात की लगेच खोलीत येऊन विचारतात, बाबा, सिस्टर काय म्हणाल्या? मी सगळं सांगतो."

"ते करतात काय?"

"मोठ्या हॉटेलात मॅनेजर! तुम्हाला माहीत नाही? पण तुम्ही मला कधी बोलू दिलंत?"

सिस्टरच्या हातातली सुई तशीच राहिली. पहिली तपासणी त्यांनी इथेच सांगितली होती. दुसरीही, सापळाही. आणि नवी सुई भरताना, येत्या सोमवारी भाऊजी साक्ष देणार आहेत, तेही.

त्यांनी न बोलता इंजेक्शन दिलं आणि तडक घरी येऊन जिना चढल्या. अकरा वाजले होते. ह्या वेळी दीर कामावर असायला हवा होता. तो घरात बसून सुऱ्या पुसत होता. स्वयंपाकी नोकरी सुटली तरच स्वतःच्या सुऱ्या घरी आणतो, हे त्यानेच पूर्वी त्यांना सांगितलं होतं.

"गुरुवारी काढलं," तो म्हणाला. "मी बोलणार हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. तुम्हाला आधीच कुणकुण लागली होती ना? मला वाचवायलाच तुम्ही बोलू नका म्हणालात. मी बायकोलाही तेच सांगितलं."

सिस्टरना रडू आवरेना. "भाऊजी, मीच सांगितलं त्यांना. माझ्याच तोंडाने. आणि संशय घेतला तुमच्यावर."

दिराने हातातली सुरी पुसून फडक्यात गुंडाळली. मग दुसरी घेतली. तीही पुसून झाल्यावर त्याने विचारलं,

"सोमवारी किती वाजता?"

तो सभेत दहा मिनिटं बोलला, आणि बंदीचा ठराव झाला. त्याला दुसरी नोकरी मात्र अजून मिळालेली नाही. शहरातली हॉटेलं त्याला दारात उभं करत नाहीत.

सिस्टर आजही आजोबांकडे जातात. ओठ मिटून सुई टोचतात.

"जावई हल्ली येतच नाहीत खोलीत," आजोबा म्हणतात. "काहीतरी बोला ना सिस्टर. दुखतं हो."