शिवलेली पँट

माझा धाकटा भाऊ झाडांवर चढून साखळी-करवतीच्या मशीनने धोक्याच्या फांद्या छाटण्याचे काम करतो. सर्व जण त्याला खारोबा म्हणतात. माझे यजमान त्याच्या जोडीला असतात आणि मी खाली पडलेल्या फांद्या ओढते. "मशीनवर दोन्ही हात, नाहीतर घरी बसा," असे तो प्रत्येकाला ऐकवत असे. कामावर त्याच्या शब्दाला मान होता.

एका दुपारी लहानसे काम एकट्याने आटोपून तो माझ्याकडे आला. त्याच्या काखेत झाडावर चढताना घालायची जाड पँट होती.

"ताई, तारेत अडकून फाटली. जरा शिवून दे."

मांडीवरच्या चिरेतून पांढऱ्या धाग्यांचे पुंजके लोंबत होते. मी ते आत कोंबले व बारीक टाके घातले.

"दिसतसुद्धा नाही गं," तो म्हणाला. मात्र त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही एका बंगल्यावर कामाला गेलो. पाठ दुखते असे सांगून तो खालीच राहणार होता आणि यजमान चढणार होते. त्यांची स्वतःची तशी पँट धुतल्यामुळे ओली होती. खारोबा बंगल्याच्या मालकांना बोलवायला गेला, तेवढ्यात यजमानांनी गाडीतली शिवलेली पँट चढवली, दोर बांधला आणि ते वर निघाले. खारोबा परतला तो धावतच.

"भाऊजी, उतरा."

"का? मला जास्त शोभते म्हणून पोटात दुखतंय होय?"

मी हसले. तो हसला नाही.

"उतरा म्हणतो ना. ती तारेत फाटलेली नाही. काल मी एका हाताने मशीन चालवलं, मांडीला लागलं. आतले धागे साखळीत गुंतले, मशीन थांबलं, म्हणून पाय राहिला. धागे एकदा ओढले गेले की पँट संपली. वरून कितीही शिवा, नुसतं फडकं."

यजमान खाली उतरले. त्या धाग्यांचे काम मला ठाऊक नव्हते, त्याला होते.

मालक बाहेर आले. "अजून सुरुवात नाही?"

"मशीन बिघडलंय, साहेब," यजमानांनी त्याची बाजू सावरून घेतली.

"मशीन ठीक आहे," खारोबा म्हणाला. "माझ्या चुकीने सुरक्षेची पँट खराब झाली आणि मी ते लपवलं. नवी आल्याशिवाय कोणी चढणार नाही."

"त्या दिवशी झाड बघायला आलात तेव्हा माझ्या माळ्याला मशीनचे नियम शिकवत होता, ते तुम्हीच ना?"

"मीच."

परतताना त्याने हेल्मेट काढले नाही. तोंडावरची जाळी खाली ओढून तो गाडीत बसला. यजमानांनी वाटेत पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली, पण जाळी काही वर केली नाही. घर येईपर्यंत बाटली तशीच हातात होती.