बिराप्पाच्या अंगात आलं तेव्हा

रंगुबाईचा हात पोळीवर होता आणि कान ढोलाकडं. बिरोबाच्या देवळामागं बायकांनी चुली मांडल्या होत्या. तिथून ढोलाच्या तालावर गजीनाच खेळणारे गडी दिसत नव्हते, पण एवढ्या ढोलांतूनही नवऱ्याचा ढोल तिला वेगळा कळायचा. बिराप्पाची थाप जड, आणि तिच्या पाठोपाठ एक हलकी टिचकी. लग्न झाल्यापासून ती थाप तिच्या कानात बसली होती. आज मात्र ती मागं पडत होती. एकदा चुकली, सावरली, परत चुकली.

"माया, ह्यांनी काय खाल्लंय का गं सकाळधरनं?" तिनं सुनेला विचारलं.

"न्हाई आत्या. पालखी आल्याबिगर जेवत न्हाई म्हनालं. सुई मातर घेतलीया."

रंगुबाईनं लाटणं खाली ठेवलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि पालखी अजून शेजारच्या गावच्या वेशीतच अडकली होती.

हे घराणं मेंढक्यांचं. आटपाडीच्या माळावर चारा आटला की मेंढरं घेऊन कोरेगाव, पलूसकडं उतरायचं, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. पलूसलाच एकदा बिराप्पाच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि जखम काही केल्या भरेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. पुढं गोळ्यांनी भागेना, तेव्हा पोटात इन्सुलिनची सुई आली. सुई टोचायला रंगुबाई शिकली. पण सुई घेऊन पोट रिकामं राहिलं की साखर घसरतेही, हे तिला पहिल्यांदा कोरेगावच्या रानात, पालात कळलं. बिराप्पा घामानं निथळत, थरथरत बसला होता. तिनं हाताला लागलं ते दिलं, शेंगदाण्याचा लाडू आणि वर शेळीचं घट्ट दूध. तरी त्याची थरथर थांबेना. शेवटी चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली तेव्हा कुठं तो माणसात आला.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं होतं. "लाडू, पेढा, चॉकलेट गोड असलं तरी त्यात तूप-तेल असतं. त्यामुळं साखर रक्तात सावकाश चढते. अशा वेळी साखरेचं पाणी द्यायचं, नाहीतर गोड रस. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असली तर परत द्यायचं. बरं वाटलं की मग भाकरी. आणि शुद्ध नसली, गिळता येत नसलं, तर तोंडात थेंबसुद्धा ओतायचा नाही. घशात जाईल. सरळ दवाखाना गाठायचा."

तेव्हापासून बिराप्पाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असायची. पण आज त्यानं गजीचा पांढरा अंगरखा घातला होता. पुडी घरी खुंटीवरच्या सदऱ्यात राहिली होती.

ढोल एकदम थांबले. क्षणभर सगळं गप झालं आणि मग गर्दीतून आवाज उठला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

"माया, घरला पळ. ती तपासायची मशीन आन," म्हणत रंगुबाई पिठाच्या हातानंच धावली.

गर्दीच्या मधोमध बिराप्पा उभा होता. ढोल गळ्यातून उतरवलेला. डोळे उघडे, पण कुणावरच ठरत नव्हते. हनुवटी थरथरत होती, कपाळावरचा भंडारा घामानं ओघळून गालावर पिवळे पाट झाले होते. लोक एकेक करून पाया पडत होते. पोरांनी मोबाईल वर धरले होते. गावातल्या धोंडुबाईनं तर त्याच्या पायावर डोकंच टेकलं होतं. तिची सून वर्षभर माहेरी जाऊन बसली होती.

"सांग देवा, नांदाया येईल का न्हाई?"

बिराप्पाचे ओठ हलले. "पानी... येतंय... येतंय..."

"येतीया म्हनाला!" धोंडुबाई रडायलाच लागली. मागनं कुणीतरी ओरडलं, "पानी येतंय म्हनाला! औंदा पाऊस हाय!"

रंगुबाई माणसं बाजूला सारत पुढं आली. तिनं नवऱ्याच्या मानेला हात लावला. थंडगार आणि ओली. एवढ्या उन्हात थंडगार.

"ह्यांची साखर उतरलीया," ती म्हणाली. "सरा. वारं येऊ द्या."

"रंगे, हात काढ!" म्हातारे पुजारी आकारामतात्या काठी टेकत समोर आले. त्यांच्या हातात दुधाची वाटी होती, वर दोन पेढे. "देव आलाय त्येच्या अंगात. नैवेद्य दाखवतोय मी."

"तात्या, दूध नगं. पेढा बी नगं. त्येनं साखर चढाया लय येळ लागतोय."

"देवाला काय द्यायचं ते तू सांगनार व्हय?"

गर्दी तिच्यावर गुरगुरली. कुणीतरी तिचा दंड धरला. तिची नजर मात्र भिरभिरत होती. पुरणपोळी नको, ती तुपात भिजलेली. खोबरंही तेलकटच. पोरांच्या हातातल्या बाटल्यांत नुसता सोडा. आणि मग पलीकडनं घुंगरांचा आवाज आला. रसवंती!

"ऋषिराज, रस आन! बरफ न घालता. पळ!" शेजारचा तो ओळखीचा गडी होता. त्यानं एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पळाला.

रस येईपर्यंतची ती घटका सरता सरेना. बिराप्पाचे गुडघे वाकले. तिनं त्याला खाली बसवलं, पाठीला आपलं अंग लावलं. हात दाबून विचारलं, "आवं, मी कोन हाय? सांगा." त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तिच्या सासूचं नाव घेतलं. चुकीचं का होईना, पण बोलतोय. तिनं ओलं बोट त्याच्या ओठाला लावलं. त्यानं जीभ फिरवली आणि गिळलं. गिळतोय.

पेला आला. ती तोंडाशी नेणार तोच बिराप्पानं हाताचा असा झटका दिला की सगळा रस तिच्या लुगड्यावर सांडला.

"बगा! देव नगं म्हनतोय!" गर्दीतून आवाज आला. तात्यांनी काठी पेल्यावर आडवी धरली. "हितं पाप करू नगंस रंगे. त्यो देव हाय का रोग, तू ठरवनार?"

 साऱ्या आयुष्यात तात्यांसमोर रंगुबाईनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता तो खांद्यावर कधी आला ते तिला कळलंही नाही.

"मी न्हाई ठरवत तात्या. देव असंल तर ऱ्हाईल की. घोटभर रस पिला म्हनून त्यो जातुय व्हय? पन रोग असंल तर ह्यो मानूस जाईल. तुमच्याच दारात जाईल."

 तात्यांची काठी खाली आली. त्यांनी दुधाची वाटी पायरीवर ठेवली आणि स्वतः बिराप्पाचे दोन्ही हात धरून खाली बसले. "पाज," ते म्हणाले.

दुसरा पेला ऋषिराजनं आणलाच होता. एक घोट. थांबायचं, गिळू द्यायचं. परत एक घोट. थोडा रस हनुवटीवरून ओघळला.  तेवढ्यात माया धापा टाकत आली, बोटाला टोचलं. मशीनवर अठ्ठेचाळीस आलं; सत्तर तरी हवी होती.

"ऱ्हाऊ द्या, दवाखान्यात न्हेऊ," कुणीतरी म्हणालं.

"जीप दाराशी आनून ठेवा," रंगुबाई म्हणाली. "पंधरा मिनटांत सावरलं न्हाई तर न्हेऊ. त्येच्या आदीच डोळं मिटलं तर लगीच."

ती पंधरा मिनिटं तिनं नवऱ्याच्या पापण्यांकडं बघत काढली. आधी थरथर मंदावली. मग श्वास खोल झाला. मायानं परत टोचलं. चौसष्ट. अजून कमीच होती. आणखी अर्धा पेला दिला. परत थांबली. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव आलं, आणि मशीन बघायच्या आधीच बिराप्पानं मान फिरवून सरळ तिच्याकडं बघितलं.

"रंगे, माजा ढोल कुनी काढला?"

 तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून पदराला डोळे पुसले.

तो दिवस काही गोड संपला नाही. बिराप्पाला मोबाईलवर कुणीतरी सगळं दाखवलं. संध्याकाळी तो ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसला. "देवाच्या दारात माजं हसं केलंस," एवढंच बोलला. तिनं जेवणाचं ताट पुढं सरकवलं आणि तो जेवून उठेपर्यंत तिथंच बसून राहिली. दोन-तीन दिवस अबोला होता. मग एका सकाळी सुई टोचून घेताना त्यानं विचारलं, "लोक पाया पडत व्हते तवा तू घाबरली न्हाईस?"

"घाबरले. लय घाबरले," ती म्हणाली. "तुमची मान गार लागली तवा."

त्यानं नुसता सदरा खाली ओढला. पण पुढच्या यात्रेला त्यानं गजीच्या गड्यांना गोळा करून आपल्या तोंडानं सांगितलं, "माजा ठोका चुकला तर पाया पडू नगा. आदी रस पाजा." आकारामतात्यांनी ढोलवाल्यांना पालखीच्या आधी जेवू घालायचं ठरवलं. देवाला काही अडचण नाही, असं म्हणाले.

धोंडुबाईचं मात्र तसं नव्हतं. तिची सून आलीच नाही. वाटेत रंगुबाई भेटली की धोंडुबाई मान फिरवायची. शेवटी एक दिवस रंगुबाई आपणहून तिच्या अंगणात जाऊन बसली. धोंडुबाई लोकर पिंजत होती. 

"तुज्या रसानं माजा देव गेला," धोंडुबाई अखेर म्हणाली. मग पिंजायचं थांबवून हळूच विचारलं, "त्यो खरंच देव नव्हता व्हय गं?"

"मला न्हाई ठावं, बाई," रंगुबाई म्हणाली. "मला ह्यांचा घाम तेवढा वळखू येतुया."

धोंडुबाईनं लोकरीचा एक पुंजका तिच्याकडं सारला. रंगुबाईनं तो हातात घेतला आणि दोघी पिंजत बसल्या.