रामघाटावरचा रविवार आणि एक लाल बटण

जुनी यंत्रं उघडून बसणाऱ्यांच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात. उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू कुठले ते आम्हाला कधीच आठवत नाही, किस्से मात्र चांगले लक्षात राहतात.

आम्ही तिघं. गुरुजी रामघाटावर वेद शिकवतात आणि हौसेने सोल्डरिंग करतात. मीनल मूळची पुण्याची, इथे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी रेल्वेत सिग्नलवाला, बदली होऊन बनारसला आलो आणि इथलाच झालो. दर रविवारी दुपारी गुरुजींच्या खालच्या खोलीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे आणि त्यांच्यातून नवीन काहीतरी बनवायचं, एवढाच आमचा उद्योग.

*

सुरुवात दारावरच्या बेलपासून झाली. एका मेलेल्या गेममधली चिप काढून आम्ही गुरुजींच्या बेलमध्ये बसवली. तिच्यात एकच धून शाबूत होती, खेळाडू हरल्यावरची रडकी.

मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला एक गृहस्थ आले. त्यांनी बेल दाबली, धून ऐकली आणि खालच्या पायरीवरूनच परत गेले.

गुरुजी स्टूल घेऊन आले आणि शांतपणे बेल काढू लागले. म्हणाले, "बेल माणसाला आत बोलवायला असते."

*

मग मीनलने दोन जुने गेम वायरने जोडले. दोघांनी समोरासमोर चेंडू टोलवायचा. पण वायरीतून जाताना आकडे गळायचे. माझ्या पडद्यावर मी जिंकलेला, तिच्या पडद्यावर ती. तीन रविवार यातच गेले.

गुरुजी म्हणाले, "तुमचं यंत्र एकदाच सांगतं, तिथेच चुकतं. आम्ही वेदाच्या घनपाठात सरळ म्हणतो, उलट म्हणतो, परत सरळ म्हणतो. अक्षर पडलं तर लगेच कळतं."

मीनलने प्रोग्राम तसाच लिहिला. प्रत्येक आकडा सरळ, उलट, परत सरळ. तिन्ही जुळले तरच पुढे. स्कोअर बिनचूक जुळला. चेंडू मात्र संध्या आटोपून आल्यासारखा सावकाश यायला लागला.

*

नावेचा गेम मीनलने एकटीने केला. घाटावरून निघायचं, धार सांभाळत पलीकडे रामनगरच्या काठाला लागायचं. तपासायला घाटावरच्या रामलखन मल्लाहला बोलावलं. उभा जन्म नावेत गेलेला माणूस पहिल्याच फेरीत बुडाला. दुसऱ्या फेरीत पण.

त्याने पडद्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "दीदी, ई सब रामनगर में बैठ के बनाई हैं का?"

रामघाटावर उभं राहिलं की गंगा डावीकडे वाहते. मीनलने पलीकडच्या काठावरून काढलेला फोटो समोर ठेवून ती उजवीकडे वाहवली होती. प्रोग्राममध्ये एक वजाचं चिन्ह घातलं आणि रामलखन पार झाला.

*

गुरुजींच्या घरी छतावर पापड वाळत घातले की माकडं यायची. आम्ही सेन्सर लावला. माकड जवळ आलं की गेममधला बॉम्बचा आवाज. पहिल्या दिवशी सगळी टोळी पळाली. आठवड्याने वहिनी म्हणाल्या, ते यंत्र काढा. आवाज झाला की पापड घातलेत हे आता मंगला गौरीच्या देवळापर्यंतच्या माकडांना कळतं.

*

आणि एक जोशी सरांचं.

सर गुरुजींचे बालमित्र, आयुष्यभर गणित शिकवलेलं. पक्षाघातात उजवी बाजू आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही. नऊ महिने काकू त्यांना 'हो का, नको का' विचारत आणि ते डोळे मिटून उत्तर देत.

आम्ही बंद पडलेल्या गेम पार्लरमधून आणलेलं मोठं लाल बटण त्यांच्या डाव्या हाताखाली बसवलं. समोरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी. ओळींवरून एक दिवा फिरतो. बटण दाबलं की ओळ पक्की होते, पुन्हा दाबलं की अक्षर.

आम्ही पोचलो तेव्हा काकू त्यांना वरणभात भरवत होत्या. गुरुजींनी दोनदा समजावून सांगितलं. सरांनी बटण दाबलं, पण ओळ चुकली. पुन्हा दाबलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. मदत करायची नाही असं आधीच ठरलं होतं. मीनलने माझा दंड घट्ट धरला होता.

पहिला शब्द आला, 'तू'. मग बराच वेळ काही नाही. काकूंना वाटलं, दमले. त्यांनी चमचा पुढे केला. सरांनी तोंड उघडलं नाही.

दहा-बारा मिनिटांनी पडद्यावर पूर्ण ओळ होती.

'तू जेवलीस का'

काकूंनी चमचा वाटीत ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

सरांचा हात बटणावरच होता. दिवा पुन्हा पहिल्या ओळीपासून फिरू लागला.