पाटलांच्या ताटावरची सावली

शाळेच्या निरोप समारंभाला संस्थेचे जुने अध्यक्ष येणार हे कळलं, तेव्हाच मी ठरवलं की भाषण बेटावरच्या राजावर करायचं. मी नेकनूरकडच्या त्या शाळेत इतिहास शिकवते. आणि अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे पाटील.

मी आठ वर्षांची असताना पाटलांच्या घरच्या लग्नात माझे वडील सरपण घेऊन पंगतीजवळून गेले. त्यांची सावली पाटलांच्या ताटावर पडली. पाटलांनी ताट लाथाडलं आणि वडिलांना भर पंगतीत काठीनं झोडपलं. आम्ही केव्हाच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. त्यानंतर वडील मरेपर्यंत कुणाच्या पंगतीला बसले नाहीत. तो राग मी आजवर शिळा होऊ दिलेला नाही.

राजाबद्दल मी ग्रंथालयात वाचलं होतं. प्रशांत महासागरात, पॉलिनेशियातली एक अख्खी बेटमाळ त्यानं लढून जिंकली. तिथं रयतेतल्या कुणाची सावली राजावर पडली, तर त्याला मरण. बायकांनी पुरुषांसोबत जेवायचं नाही. राजा वारला, तेव्हा त्याच्या लाडक्या राणीनं आणि गादीवर आलेल्या पोराच्या आईनं मिळून त्या पोराला सगळ्यांदेखत बायकांच्या पंगतीत जेवायला लावलं. आभाळ काही कोसळलं नाही, आणि पंगतीचा, सावलीचा सगळा कायदा तिथंच मेला. भाषणात हे सांगताना मी पाटलांवरची नजर हलवली नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

मग पंगत बसली. पाटील मांडवाच्या कडेला होते, तीनचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर. मी बुंदीचं भांडं घेतलं आणि मुद्दाम सूर्य पाठीशी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. माझी सावली त्यांच्या भातावर पडली. लाथाडू दे ताट, मग बघते, असं मनात होतं.

त्यांनी घास घेतला, वर पाहिलं.

"बाई, तशाच उभ्या ऱ्हावा. लई बरी सावली पडलीय."

बापाला काठी, आणि लेकीची छत्री. त्यांना काही आठवतच नव्हतं.

"ह्याच सावलीपायी तुमी माझ्या बापाला मारलं," मी म्हणाले. "तुमच्या घरच्या लग्नात. डोक्यावर सरपण होतं त्यांच्या."

लई जुनं हाय ते, असं काहीसं पाटील पुटपुटले. त्यांचा घास हातातच राहिला. मी बाजूला झाले, तसं ऊन पुन्हा त्यांच्या तोंडावर आलं. भांडं खाली ठेवून मी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या पानावर बसले आणि पोटभर जेवले. वडिलांच्या वाटचंही.