थोडं झाकून, थोडं फुगवून

मावशींनी चोवीस वर्षांत चारशेबारा लग्नं जमवली. आकडा त्यांचा स्वतःचा आहे. त्यात मोडलेली वजा केलेली नाहीत, आणि मावशींकडे फॉर्म भरून नंतर परस्पर पळून गेलेल्यांचीही धरलेली आहेत, असं त्यांचे यजमान सांगतात. यजमान निवृत्त भूमापक. जन्मभर जमिनी मोजल्यामुळे त्यांना इंचभरही वाढवून सांगितलेलं खपत नाही, आणि मावशींचा सगळा धंदाच वाढवून सांगण्यावर उभा. या दोघांच्या संसाराला छत्तीस वर्षं झाली. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच, पण टिकला.

विवाह मंडळ बाहेरच्या खोलीत होतं. एक लोखंडी कपाट, फायली, भिंतीला टेकून चार खुर्च्या. या धंद्याची स्वतःची भाषा असते. मुलाला काम नसलं की तो ‘व्यवसायाच्या तयारीत’ असायचा. मुलगी फटकळ असली की ती ‘मनात काही ठेवत नाही’. याला मावशी खोटं म्हणायला तयार नसत. ‘‘लग्न म्हणजे काय परीक्षा आहे का, सगळी उत्तरं आधी लिहून द्यायला?’’ असं त्या विचारायच्या. थोडं झाकायचं, थोडं फुगवायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि आपण चहा करायला आत जायचं, एवढीच त्यांची पद्धत.

मग लोक फोनवरच एकमेकांना बघायला लागले आणि मंडळ बसलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मावशी रिकाम्या झाल्या. वेळ जाईना म्हणून त्यांनी यजमानांना सुधारायला घेतलं. यजमानांनी दोन महिने सोसलं आणि मग मेव्हणीच्या मुलाला गुपचूप फोन केला, ‘‘तुझ्या मावशीला काहीतरी काम दे रे बाबा.’’

भाचा नऊ वर्षं मोठ्या शहरात नोकरी करून परत आला होता. एक बंद पडलेला छापखाना भाड्यानं घेऊन त्यानं टेबलं टाकली, इंटरनेट आणलं. ज्यांना यंत्राचा, कॉम्प्युटरचा नवा उद्योग काढायचाय त्यांनी इथं एकत्र बसावं, एकमेकांना हात द्यावा आणि गाव सोडून जाऊ नये, असं त्याच्या मनात होतं. त्या जागेला त्यानं एक इंग्रजी नाव दिलं होतं. लोक छापखानाच म्हणत राहिले.

माणसं आली, नाही असं नाही. चाळीस जण यायचे, कानांत फोनची बोंडं घालायचे आणि एकमेकांकडे पाठ करून बसायचे. दर मंगळवारी सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं ठरलं होतं. तिथं लोक बिस्किटं खाऊन निघून जायचे. सात महिन्यांत भाचा टेकीला आला. त्यातच दारापाशी बसणारी मुलगी मोठ्या शहरात नोकरी मिळाली म्हणून गेली.

‘‘मावशी, पंधरा दिवस बस ना तिच्या जागेवर,’’ भाचा म्हणाला. ‘‘काही करायचं नाही. कोण आलं, कोण गेलं, एवढं लिहायचं.’’

मावशींना हे काम सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. पंधरा दिवसांत त्यांना चाळीसही जणांची कुंडली पाठ झाली. खिडकीशी बसणारी मुलगी दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची एक डबी बनवायची. फ्रिज तापायला लागला की डबी फोनवर ओरडायची. डबी उत्तम होती. पण कोणी घ्यायला आला की ही बाई त्याला तासभर आतल्या तारा समजावून सांगायची आणि तो माणूस पळायचा. पलीकडच्या कोपऱ्यात एक जण होता, त्यानं पूर्वी दारोदार पाण्याचे फिल्टर विकलेले. दगड दिला तरी विकेल असा माणूस, फक्त विकायला दगडही नव्हता. काहीतरी सुचेल म्हणून रोज येऊन बसायचा.

अगं बाई, मावशींच्या मनात आलं, हे तर स्थळ आहे!

दुसऱ्या दिवशी त्या जुना फॉर्म घेऊनच आल्या. उंची, वर्ण वगैरे खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘राग आल्यावर काय करता?’ अपेक्षांचा रकाना तसाच ठेवला. डबीवालीनं त्यात लिहिलं, आधी धंदा बुडवलेला माणूस नको. फिल्टरवाल्यानं लिहिलं, आधी कुणाशी फाटलेलं माणूस नको. आता योग असा, की फिल्टरवाल्याचं दुकान दोन वर्षांपूर्वी बुडालं होतं, आणि डबीवालीचे दोन भागीदार वर्षभरात एकामागोमाग एक पळाले होते. मावशींना दोन्ही ठाऊक होतं.

‘‘दुकान होतं त्याचं. विकलं,’’ त्यांनी डबीवालीला सांगितलं.

‘‘तिनं आजवर कुणाशी भागीदारी केली नाही रे,’’ फिल्टरवाल्याला सांगितलं. ‘‘तुझ्यासाठीच थांबली होती म्हण.’’

आणि त्या चहा करायला गेल्या.

ते जमलं. चार वर्षांत डबीची कंपनी मागच्या टायरच्या गोदामात गेली आणि तिथं बावीस माणसं कामाला लागली. त्यांचं बघून बाकीचे मावशींच्या टेबलाशी रांग लावायला लागले. कोणाला हिशेब बघणारा हवा, कोणाला यंत्र जाणणारी. एकतीस जोड्या मावशींच्या शब्दावर जमल्या. मंगळवारी बसायला जागा पुरेना. बाहेर गेलेल्यांतले तिघं तर बायकापोरांसकट परत आले. भाच्याला आता भाषणाला बोलावतात. त्यात तो मावशींना ‘या समूहाचा मानवी दुवा’ म्हणतो. ही शिवी आहे की काय, याची मावशींनी यजमानांकडून खात्री करून घेतली.

तर सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मोठ्या शहरातल्या एका गुंतवणूकदाराला डबी आवडली. भाचा नाचतच सांगायला आला.

‘‘पैसे घालण्याआधी दोन माणसं पाठवताहेत. गुरुवारी अकराला. चौकशी करतात ते, मावशी.’’

‘‘कसली चौकशी?’’

‘‘सगळीच. आधीचे धंदे, आधीचे भागीदार, पार खणून काढतात. दोघांनी सगळं लिहून द्यायचं, आणि एकमेकांचं वाचून सही करायची.’’

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. मुलाकडचे लोक चौकशीला येतात म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांना घास गिळेना. लग्नातलं झाकलेलं लोक पचवतात, कारण ते उघडं पडेपर्यंत पोरं झालेली असतात. इथं काय, दोन सह्या केल्या की दोघं मोकळे. हे दोघं फाटले तर बावीस माणसं घरी बसणार. आणि मग बाकीच्या जोड्या एकमेकांकडे बघून म्हणणार, आपल्याला काय काय सांगितलं नसेल? पुन्हा चाळीस पाठी आणि चाळीस बोंडं. सगळं उभं होतं ते मावशींच्या शब्दावर, आणि शब्द कसा होता ते मावशींना माहीत होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि लाजही.

सोमवारी त्यांनी गोदामाच्या काचेतून पाहिलं. दोघं हातवारे करून भांडत होते. मावशी दिसताच दोघंही गप्प झाले. मावशी पायरीवरूनच परत फिरल्या.

‘‘सांगून टाक,’’ यजमान म्हणाले.

‘‘चारशेबारा लग्नांत कधी सांगितलं नाही, अहो.’’

‘‘म्हणूनच म्हणतो. सवय नाही तुला, वेळ लागेल. लवकर सुरुवात कर.’’

बुधवारी दुपारी तीनला मावशी गोदामात शिरल्या. डबीवाली पेचकस घेऊन एका डबीचं झाकण उघडत होती, फिल्टरवाला शेजारी खोकी बांधत होता. मावशी बसल्या नाहीत.

‘‘मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल. याचं दुकान ‘विकलं’ असं मी तुला म्हणाले होते. तसं ते विकलंच म्हणायचं... म्हणजे शेवटी फळ्या विकल्याच की त्यानं... बुडालं होतं गं. आणि हिचे रे, दोन भागीदार पळाले होते आधी. मला माहीत होतं. मी झाकलं. उद्या चौकशीत कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. काय बोलायचं ते मला बोला, पण हे मोडू नका.’’

डबीवालीनं फिल्टरवाल्याकडे पाहिलं. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

‘‘मावशी, बसा आधी. मला माहीत आहे.’’

‘‘मलाही,’’ डबीवाली म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘दुसऱ्या आठवड्यापासून,’’ फिल्टरवाला म्हणाला. ‘‘हिच्या पहिल्या भागीदाराचा मला फोन आला. म्हणाला, पळ. मी विचारलं, का पळू? तर म्हणे, एक डबी बिघडली की ही बाई शंभर परत बोलावते. मी म्हटलं, मग असलाच माल मला विकायचाय. जन्मभर गळके फिल्टर विकलेत मी.’’

‘‘आणि यानं स्वतःच सांगितलं,’’ डबीवाली म्हणाली. ‘‘मला नव्हे, पहिल्या गिऱ्हाइकाला. मी शेजारीच बसले होते. म्हणाला, माझं दुकान बुडालंय साहेब, न झेपणारा शब्द आता मी देत नाही. त्यांनी तिथल्या तिथं वीस डब्या घेतल्या.’’

‘‘मग सोमवारी भांडत काय होता?’’

‘‘तुमच्यावरूनच. आमची ओळख कशी झाली तेही लिहून द्यायचंय. हा म्हणत होता, मावशींनी झाकलं होतं हेही लिहू. मी म्हटलं, नको, त्यांना वाईट वाटेल.’’

मावशी खुर्चीत बसल्या. ‘‘मेल्यांनो, आठ दिवस जेवले नाही मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत?’’

फिल्टरवाल्यानं मान खाजवली. ‘‘तसं ते सगळ्यांनाच माहीत आहे, मावशी.’’

‘‘सगळ्यांना म्हणजे?’’

त्यानं फोन काढला. छापखान्यात नवीन माणूस आला की त्याला एक यादी पाठवतात, इंटरनेटचा पासवर्ड, चहाच्या वेळा यांच्यासोबत. यादीला मथळा होता, ‘मावशी म्हणतात, आणि त्याचा अर्थ’. मावशींनी चष्मा लावला.

‘विकलं’: बुडालं.
‘मनात काही ठेवत नाही’: तोंड सांभाळत नाही.
‘जरा विसराळू’: भेटीला येणार नाही.
‘हुशार आहे, फक्त दिशा हवी’: वर्षभर घरी झोपून आहे.
‘तुझ्यासाठीच थांबली होती’: आधीचे पळालेत.

असे सत्तेचाळीस शब्द.

‘‘कुणी केलं हे?’’

‘‘तुमच्या भाच्यानं सुरुवात केली. मग ज्याला जसा अनुभव येईल तशी तो भर घालतो.’’

‘‘मुडदा बसवला त्याचा!’’ मावशी ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना. ‘‘म्हणजे चार वर्षं मी बोलतेय आणि तुम्ही भाषांतर करताय! मग माझ्या शब्दाला किंमत ती काय?’’

डबीवालीनं फोन घेतला आणि यादी तळापर्यंत ओढून त्यांच्यापुढे धरली. शेवटची ओळ होती:

‘राहील’: राहील.

‘‘एकतीस जोड्यांतल्या सहा मोडल्या, मावशी. आम्ही त्या सहाही जोड्यांना जाऊन विचारलं. तुम्ही बाकी सगळं सांगितलं होतंत, पण समोरचा टिकेल का असं विचारल्यावर विषय बदलला होतात. ज्यांच्याबद्दल तुम्ही ‘राहील’ म्हणालात, त्यांतला एकही गेलेला नाही.’’

मावशींना हे स्वतःबद्दल ठाऊक नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात एक एक चेहरा आठवून पाहिला आणि ते खरं निघालं. छातीवर आठ दिवस बसलेलं काहीतरी उठून गेलं. ‘‘खायला आहे का रे काही?’’ त्यांनी विचारलं, आणि बिस्किटांचे दोन पुडे एकटीनं संपवले.

गुरुवारी चौकशीला आलेल्या दोघांना बुडालेलं दुकान आणि पळालेले भागीदार दोन्ही पहिल्याच पानावर मिळाले. सह्या झाल्या. बावीस माणसं जिथल्या तिथं राहिली, आणि पुढच्या महिन्यात आणखी नऊ आली.

मावशींनी मात्र ठरवलं, आता खरंच बोलायचं. यजमान तर आनंदानं दोन दिवस आपणहून भाजी आणायला गेले. मंगळवारी एक नवी मुलगी मावशींच्या टेबलाशी आली. शाळांच्या बस कुठं पोहोचल्या हे आईबापांना कळवायचा तिचा उद्योग होता, आणि यंत्र जोडून देणारा माणूस तिला हवा होता. काचेपलीकडे बसलेल्या एकाकडे तिनं बोट दाखवलं. ‘‘तो कसा आहे, मावशी?’’

‘‘तिरसट आहे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आणि सकाळी कधी वेळेवर येत नाही.’’

मुलीचा चेहरा उतरला. तिनं फोनमधली यादी वरखाली केली. ‘मावशी म्हणतात’ या बाजूला ‘तिरसट’ कुठंच नव्हता. मावशी तोंडानं तिरसट म्हणतात म्हणजे खरा तो असेल तरी कसा? हात उगारतो की काय? तिनं पर्स उचलली.

‘‘अगं थांब, थांब!’’ मावशींनी तिचा हात धरला. खरं बोलणं आता आपल्याला या जन्मी परवडणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ‘‘थोडा मनस्वी आहे, एवढंच. आणि वेळेच्या बाबतीत मोकळा.’’

मुलीनं पुन्हा फोन बघितला आणि तिच्या तोंडावर रंग आला. ‘‘मनस्वी म्हणजे तिरसट. हां, मग चालेल.’’ मग तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि खुर्ची जवळ ओढली. ‘‘पण मावशी, राहील का?’’

मावशींनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं. मागच्या मंगळवारी त्याचं यंत्र साठ माणसांदेखत बंद पडलं होतं आणि लोक हसले होते. एरवी अकराशिवाय न उगवणारा तो, बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसला होता, मांडीवर तेच यंत्र. मावशींनी घाई केली नाही.

‘‘राहील,’’ त्या म्हणाल्या.

मुलगी उठली आणि त्याला बोलवायला गेली.