परदेशी निघालेल्या बैलाचा रंग

माझी नात पुण्यात कलेची प्रदर्शनं मांडायचं शिकत होती. तिथे वेगवेगळ्या देशांतली पोरं एकत्र राहतात आणि एका देशातली वस्तू दुसऱ्या देशात कशी न्यायची, तिथल्या माणसाला ती कशी दाखवायची, हे शिकतात. मी चौथी पास. मला हे समजायला वेळ लागला. पहिल्यांदा मी तिला विचारलं, "म्हंजे तू चित्रं काढते का?"

"नाई वं आजी. काढनारे दुसरे. मी ठरवते काय मांडायचं, कसं मांडायचं."

"मंग आपला मांडववाला काय वाईट हाये? त्याले जेवनबी भेटते."

ती हसली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हसला नाही. त्याने तिला सांगून ठेवलं होतं की शेवटच्या प्रदर्शनात तुझं काम घेतलं तर पुढे शीक, नाही तर परत ये, बी.एड. कर आणि पाहायला येणाऱ्यांना नाही म्हणू नको. मला त्याचंही फार चुकीचं वाटलं नाही. पोरगी काय शिकते, असं गावात कोणी विचारलं तर त्याला एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

ते शेवटचं प्रदर्शन कोलंबोला होतं. प्रत्येकाने आपल्या घरातली, वापरातली एक वस्तू न्यायची होती. नातीने आमचा लाकडी बैल निवडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं असे बैल ओढत दारोदार जातात. हा बैल मी माझ्या मुलासाठी सुताराकडून करून घेतला होता. हातभर लांब, चार चाकं, त्यातलं एक अडतं. दिवाळीला आली तेव्हा तिने त्याचे मोबाइलवर फोटो काढले होते. रंगाचे पोपडे निघालेले, एक शिंग टवका उडालेलं. शिकवणाऱ्या बाईंना ते फोटो फार आवडले. नातीचा फोन आला, "बैल न्यायले येतो. सांभायून ठेव."

मी सांभाळून ठेवला. माळ्यावरून काढला, धुतला, उन्हात वाळवला आणि ऑइलपेंट आणून पांढरा रंग दिला. शिंगं लाल केली. पाठीवर हिरवी झूल काढली. पोळ्याला नुसत्या वेशीपर्यंत जाणाऱ्या बैलालाही आपण धुतो, शिंगं रंगवतो. हा तर समुद्रापलीकडे चालला होता. रंग चांगला बसला. शेजारच्या बायकांना मी बोलावून दाखवला.

नात आली ती मंगरूळपीरच्या एसटीने, सोबत श्रीलंकेची एक मैत्रीण घेऊन. तीही तेच शिकत होती. त्यांच्या शिक्षणात अशी रीत की एकीची वस्तू दुसरीने तपासायची. टॉर्च लावून प्रत्येक ओरखडा लिहून ठेवायचा, म्हणजे वाटेत काही मोडलं तर कळतं. मुलगी पाहायला आलेले पाहुणे तीळ-डाग पाहतात तसं. फक्त हे कागदावर लिहितात.

ओसरीतला बैल पाहून नातीने बॅग खाली ठेवली.

"हे काय केलं वं, आजी?"

"रंग देल्ला."

"काहून?"

"काहून म्हंजे? थो तसाच जाईन का, पोपडे पाडत?"

ती खाली बसली. पाहुणीने बैलाच्या पाठीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला फडकं दिलं. तेवढ्यात शेजारीण दारातून विचारून गेली, "लंकेत आता सोन्याचा काय भाव हाये, इचार ना तिले."

नात मला समजावत होती. ते पोपडेच त्यांना दाखवायचे होते. रंगावर रंग चढलेला, इतक्या वर्षांचे हात. बैलाशेजारी भिंतीवर लावायचा मजकूरही तिने लिहून ठेवला होता. माझा मुलगा चौकटीला टेकून ऐकत होता.

"मंग संपलं म्हना की," तो म्हणाला. "मी बी.एड.चं इचारून ठेवतो."

तो कुत्सितपणे बोलला नाही. त्याला हायसं वाटलं होतं, आणि पोरीला तेच जास्त लागलं.

मी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी आणून दिली. "पुसून टाक. अजून वायला नाई." मला त्यात काही वाईट वाटायचं नव्हतं. लावलेला रंग निघतो.

तिने बैल मांडीवर घेतला आणि मागचा एक पाय पुसायला लागली. पांढरा निघाला आणि खाली निळा दिसला. मी तिला विचारलं, तू त्या भिंतीच्या कागदात काय लिहिलं? ती पुसता पुसता सांगत गेली. त्यात एक वाक्य होतं की निळ्या थरामागचा हात अज्ञात आहे.

"अज्ञात म्हंजे?"

"कोनं देल्ला थे मालूम नाई."

"मालूम काहून नाई? तूच देल्ला."

तिचा हात थांबला. मी सांगितलं, खिडक्यांना निळा रंग दिला होता, तेव्हा डब्यात थोडा उरला. तू ब्रश सोडेनास. बैल रंगवला, सोबत फ्रॉकही रंगवला. त्या फ्रॉकनं मी कितीतरी दिवस चूल पुसली.

पाहुणीने विचारलं, काय झालं? मी एवढं बोलले होते ते नातीने दोन शब्दांत सांगितलं. पाहुणी हसली. मग तिने काहीतरी हळूच विचारलं आणि नातीने चिंधी खाली ठेवली.

"काय मनते थे?"

"मनते, तुह्या रंग ठेवायचा अन् आजीचा पुसायचा, हे कायच्यावरून ठरवलं?"

नातीने बाटलीला झाकण लावलं.

दुपारभर ती ओसरीत बसून, कोणता रंग कोणी दिला ते मला विचारत, नवा मजकूर लिहीत होती. मग पुण्याच्या बाईंना फोन केला. बोलणं इंग्रजीत होतं, पण समोरची रागावली आहे हे कळायला भाषा लागत नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"मनते, फोटोतला बैल अन् हा बैल एक नाई."

"मंग तू काय मनली?"

"एकच हाये मनली. घरात रंग उरला का थो असाच होते."

रंग वाळेपर्यंत दोघी राहिल्या. पाहुणीने बैल तपासून लिहिला, त्यात पुसलेला पायही लिहिला. मी तो बैल इतकी वर्षं रंगवला, पण असा कधी पाहिला नव्हता. रंगवताना माणूस कुठे लावायचं राहिलं तेवढंच पाहतं. त्या पोरीने टॉर्च लावला तेव्हा मला दिसलं की सुताराने एक डोळा वर आणि एक खाली कोरला होता.

बैल कोलंबोला गेला. नातीचं काम घेतलं. बाईंनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, निर्णय पटला, पण काय हवं आहे ते घरच्यांना आधी सांगायला हवं होतं. त्या बाईंचं मला पटलं. वर्षभर सातासमुद्रापलीकडच्या माणसाला समजावायचं शिकली आणि आजीला रंग देऊ नको एवढं सांगायचं राहिलं.

बैल परत आला तेव्हा पाठीला गुंडाळायचा कागद चिकटला होता. माझ्या मुलानेच तो माळ्यावर ठेवला. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की तो आता म्हणतो, "बैल घेऊन फिरते." पाहायला येणाऱ्यांचं त्याने पुन्हा काढलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

यंदा पोळ्याला ती बाहेरदेशी होती. फोन आला.

"आजी, बैलाले रंग देऊन राह्यली का?"

"देईन. पोया हाये ना."

मला वाटलं नको म्हणेल.

"कोनता?"

"गेटाचा शेंदरी उरला हाये."

"दे. पन मांगच्या त्या पायाले नको लावू."

मी म्हटलं, पाहीन.

त्या पायाला मी रंग लावला नाही. सगळ्या बैलात तो पाय आता फार घाण दिसतो.