‘कोणालाच नाही’ म्हणणारं यंत्र आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका संशयी माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि झाला असेल तर तो आपला पत्ता कोणाला देत नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचे. संत्री गोड आहेत का, हे ते विकणारीला कधी विचारत नसत. तिच्या शेजारणीला विचारत, आणि ती ‘गोड’ म्हणाली की दोघी मिळालेल्या आहेत असं ठरवून पेरू आणत. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ दिसलं की म्हणत, "काहून? काहीतरी हाय यात." एसटी बार्शीटाकळीला जाते हे कंडक्टरने सांगून भागत नसे, आत बसलेल्या चार जणांची साक्ष झाल्यावरच ते पायरी चढत.

असा माणूस जन्मात एकदाच एका उत्तराला भुलला, आणि तेही यंत्राच्या. कॉलेजच्या मुख्य कॉम्प्युटरवर जागा उरली नव्हती. कुठला प्रोग्राम कोणाच्या आधारावर चालतो हे जाणणारा ‘पॅकेज मॅनेजर’ नावाचा एक प्रोग्राम त्यावर होता. मराठी फॉन्टच्या एका जुन्या पॅकेजबद्दल भाऊजींनी त्याला विचारलं, हे कोणाला लागतं? उत्तर आलं, कोणालाच नाही. भाऊजींनी नाना तऱ्हांनी उलटतपासणी घेतली, पण यंत्र जबानी बदलेना. शेवटी त्यांनी ते पॅकेज काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेची हॉल तिकिटं छापली, तर नावांच्या जागी नुसते चौकोन! एक मुलगी तिकीट उलटसुलट करत म्हणाली, "सर, यातलं माह्यं नाव कोन्तं?" पेपर दुपारीच होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेकाचं नाव स्वतःच्या हाताने लिहून दिलं. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं उजेडात धरून पाहिलं.

मागाहून उलगडा झाला. छपाईच्या प्रोग्रामला ते पॅकेज लागत होतं, पण अटीवर: मराठी चालू असेल तरच. आणि विचारल्यावर यंत्र अटीवाली नाती हिशेबात धरतच नव्हतं. "खोटं बोललं नाही, पन खरंबी सांगतलं नाही," भाऊजी मला म्हणाले. "असा साक्षीदार लय वाईट!"

त्यांनी पॅकेज मॅनेजर बनवणाऱ्यांनाच लिहिलं. तिकडून उत्तर आलं की सगळ्या अटी दाखवल्या तर यादी फार लांबेल. भाऊजींनी कळवलं, लांबू द्या. नक्की लागतं ते वर दाखवा, अटीवर लागतं ते खाली, अटीसकट. पण ‘कोणालाच नाही’ म्हणू नका. काही महिन्यांनी नव्या आवृत्तीत तसंच झालं. मी पेढे मागितले. "इतक्या लवकर कसे मानले?" भाऊजी म्हणाले. "काहीतरी हाय यात. मी पाहून राहिलो."

आता ते निवृत्त झालेत. परवा मोतीबिंदूसाठी त्यांना अमरावतीला नेलं. डॉक्टर बराच वेळ ऑपरेशन समजावून सांगत होते आणि भाऊजींचे प्रश्न कधी सुरू होतात म्हणून मी धास्तावून बसलो होतो. भाऊजींनी नुसती मान हलवली आणि दाखवलं तिथे सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, काहीच विचारलं नाही?"

"तू होता ना संगं," ते म्हणाले, आणि पायरी दिसेना म्हणून त्यांनी माझा हात धरला.